तोंड जरा सरळ काढा

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नवी डायरी मोनाने पुण्याहून पाठवली आहे. पहिल्या पानावर लेकीने लिहिलंय, "आई, बाबांच्या आजारपणाचं सोडून दुसरं काहीतरी लिही." दुसरं काय लिहायचं ते मात्र सांगितलेलं नाही. पुण्याला राहून सल्ले देणं सोपं असतं.

पण आज खरंच दुसरं काहीतरी घडलं. सकाळी धैर्यशील आला. आमच्या घरासमोरच्या तालमीचा हा नवा अध्यक्ष. तालमीत आता पैलवान कमी आणि आरशात दंड बघणारे जास्त. वरचा हॉल तर वर्षभर रिकामाच, गणपतीतले ढोल ठेवायला तेवढा उपयोगी. तर म्हणे तिथे दर रविवारी चित्रांची कार्यशाळा घ्यायची. चित्रकार कोल्हापुरातलेच, माध्यम दर वेळी वेगळं. पेन्सिल, जलरंग, तैलरंग आणि शेवटी रांगोळी. गल्लीतल्या कुणीही यावं, वयाची अट नाही.

"आनि हे सगळं वैनी, तुमी बघायचं."

"मी? मला साधा आंबा काढता येत नाही."

"काढायचं कुणी सांगितलंय? मानसं गोळा करायची आनि दटावून बसवायची. शाळेत कारकून होतासा तवा हेडमास्तर बी तुमाला भ्यायचं."

हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. हो म्हणून बसले. कुणी आलंच नाही तर? आले आणि पुढच्या रविवारी आले नाहीत तर?

हे गॅलरीत बसले होते. जाताना धैर्यशीलने खालून हाक मारली, "अण्णा, येताय न्हवं?" मीच आतून सांगितलं, "त्यांना नाही रे जमायचं."

हे म्हणाले, "पावणं."

एवढा एकच शब्द ह्यांच्याकडे उरला आहे. दीड वर्षापूर्वी झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय, तोंडाचा उजवा कोपरा आणि बोलणं, सगळं एका सकाळी गेलं. पाय पुष्कळसा परत आला, काठीवर चालतात. तोंडाचा कोपरा खाली ओघळलेला तो तसाच. डॉक्टर म्हणतात, ह्यांना कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. एखाद्याचा एखादा शब्द शिल्लक राहतो म्हणे. ह्यांचा हा राहिला. नोकरी शिरोलीच्या फौंड्रीत केली, पण जीव कुस्तीच्या निवेदनात. जत्रेच्या मैदानात माइक हातात घेतला की पहिला शब्द "पावणं!" आणि मग पुढे धबधबा. हलगीवालासुद्धा हात थांबवून ऐकायचा. आता दूधवाला पावणं, डॉक्टर पावणं, मांजर पावणं. संसार केलेली बायकोही पावणंच.

५ जानेवारी, रविवार

नीट क्रमाने लिहिते.

माणसं आली, चांगली हॉलभर आली. तानाबाईसुद्धा आली. शेजारच्या गल्लीतली, घरी म्हशींचा मोठा बारदाना, सुना कामाला जुंपून ही मोकळी. म्हणाली, "मला पेन्सिल धरता येत न्हाय, पर बघतो की काय करालाय ते." पेन्सिल शिकवायला ऐश्वर्या आलेली, वयाने लहान पण हात बसलेला. समोर माणूस बसवून चेहरा काढायचा होता. त्यासाठी तालमीतल्या आकाराम वस्तादांना सांगितलं होतं. वस्ताद आलेच नाहीत, पाहुण्यांच्या बारशाला गेले.

ऐश्वर्या खिडकीशी गेली आणि म्हणाली, "काकू, समोरच्या गॅलरीत बसलेत ते कोण? काय चेहरा आहे हो!"

मी म्हणाले, "ते आजारी आहेत, त्यांना नका त्रास देऊ." तोवर धैर्यशीलने खिडकीतून आरोळी ठोकली, "अण्णा, मॉडेल पायजे, येताय काय?" आणि बघते तर हे काठी धरून उभे राहिलेले.

मी धावत जिना उतरले. दवाखाना सोडला तर दीड वर्षात हे उंबऱ्याबाहेर पडले नव्हते, मीच पडू दिलं नव्हतं. लोकांनी कशाला बघायचं? माझ्या आधी हे अर्ध्या जिन्यात होते, अंगात बनियन. धरून शर्ट घातला, तोंड पुसलं. रुमाल माझ्या हातात असतोच, तोंडाचा तो कोपरा सारखा ओला होतो.

हॉलमध्ये खुर्चीवर बसले आणि सगळे बघायला लागले. सगळे! माणसाकडे टक लावून बघायलाच ती माणसं आलेली, त्यांना काय बोलणार? मला वाटलं जमीन दुभंगावी. ऐश्वर्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बाळ, तोंड जरा सरळ काढ." ती चाचरली. "काकू, पण समोर दिसतंय तसं काढायला..." मी म्हणाले, "एवढं ऐक माझं." मग प्रत्येकाच्या कागदाशी जाऊन हळूच तेच सांगून आले.

हे दगडासारखे स्थिर बसले. ऐश्वर्या म्हणाली, इतकं छान बसणारं माणूस तिला मिळालंच नव्हतं.

शेवटी चित्रं दाखवली. ऐश्वर्याचं चित्र सुरेख, अगदी आजारपणाआधीचे हे. ह्यांनी ते नुसतं बघितलं आणि डाव्या हाताने बाजूला सारलं. दमले असणार. मग तानाबाईने आपला कागद पुढे केला. डोकं बटाट्यासारखं, कान म्हशीचे आणि तोंड पार हनुवटीपर्यंत वाकडं. तिच्या कानाशी दोनदा सांगून आले होते मी! ते बघितलं आणि ह्यांचे खांदे गदगदा हलायला लागले, घशातून कसलातरी आवाज आला, डोळ्यांत पाणी.

मी तो कागद ओढून घेतला. "तानाबाई, असं काढतात का?"

"मग? जसं दिसलं तसं काढलो की."

कागद घडी करून पिशवीत टाकला, घरी बंबात घालायचा म्हणून. आता शोधते तर पिशवीत नाही. कुठेतरी पडला असेल. बरंच झालं.

६ जानेवारी

हे सकाळपासून बेचैन. आंघोळ झाल्यावर चांगला शर्ट पाहिजे म्हणून कपाटाकडे काठी दाखवत राहिले. दिला. तो घालून गॅलरीत तालमीकडे बघत बसले. रक्तदाब मोजला, ठीक आहे. पण कालच्या गर्दीचा परिणाम झालाय हे नक्की. पुढच्या रविवारी दुसरं कुणीतरी बसवायला पाहिजे.

९ जानेवारी, गुरुवार

आकाराम वस्तादांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "सयाजी बसालाय न्हवं? मग मी कशाला? त्येचं तोंड फोटोपरास भारी हाय." चेष्टा करायची ही वेळ आहे का? ऐश्वर्याने मुलांकरवी निरोप पाठवला, पुढच्या वेळीही काका येतील ना म्हणून. मला सोडून सगळ्यांचं ठरलेलं दिसतंय.

१२ जानेवारी, रविवार

आज जलरंग. कृष्णात सर सगळ्यांना कळंब्याच्या तळ्यावर घेऊन गेले. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, मृदू बोलतात. हे पहाटेच तयार होऊन बसलेले. मी नको म्हणत होते, गार वारा, तळ्याकाठची दगडधोंड्याची वाट. ह्यांनी काठी आपटली. मग रिक्षाने गेलो.

झाडाखालच्या बाकावर ह्यांना बसवलं. पाणी, पलीकडचा डोंगर आणि कडेला हे, असं चित्र. मी कृष्णात सरांना सांगितलं तसं त्यांनी ह्यांच्या डोक्यावर आपली हॅट ठेवली आणि सावली बरोबर तोंडावर पाडली. "पाण्याच्या रंगात खोडता येत नाही, वहिनी. झाकता मात्र येतं." मला हायसं वाटलं.

फिरायला आलेला एक माणूस लांबून बघत होता. जवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "अवो, सयाजीराव न्हवं हे? मैदानाचं निवेदन करायचं ते? आमी तुमच्या आवाजासाठी यायचो वो, कुस्ती बघायला न्हाय."

हे उठायला लागले. तोंड उघडलं. काय निघणार होतं मला माहीत होतं. तो एकच शब्द, तोही अर्धा लाळेत. ज्या माणसाने तो आवाज ऐकलाय त्याने हे ऐकायचं? मी मध्ये झाले आणि म्हणाले, "नाही हो, हे त्यांचे भाऊ."

तो ओशाळला. "तरीच. चेहरा सेम हाय बघा," म्हणून निघून गेला.

येताना रिक्षात ह्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, बाहेर बघत होते. मी ह्यांच्याचसाठी केलं. त्या माणसाच्या मनात आवाज तसाच राहिला, हे चांगलं नाही का? घरी आल्यावर थालीपीठ केलं, लोण्याचा गोळा घालून. अर्धं टाकलं.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकू ठेवलं होतं. कार्यशाळेमुळे यंदा बायका जास्त आल्या. ह्यांना आतल्या खोलीत बसवून दार लोटलं, ह्यांचं ह्यांना शांतपणे टीव्ही बघता यावा म्हणून. तानाबाई हळदीकुंकू लावून घेतल्यावर सरळ आत घुसली. "सयाजी कुठं हाय? त्येला तिळगूळ नगो?" मी पाठोपाठ.

"घे रं," म्हणाली. "ग्वाड बोल म्हनत न्हाय. नुसतं बोल, शिव्या दे, चालतंय."

हे हसले. मोठ्याने, तोंड वाकडं होऊन, तिळाचा दाणा हनुवटीवर. बाहेरच्या बायकांपर्यंत आवाज गेला. मी रुमाल घेऊन पुढे झाले तर ह्यांनी माझा हात बाजूला केला.

संध्याकाळी गादी झाडताना उशीखाली तो कागद सापडला. तानाबाईचं चित्र, चार घड्या घातलेलं. पिशवीतून ह्यांनी कधी काढून घेतलं कोण जाणे. किती लागलं असेल मनाला, की अपमान असा उशाशी घेऊन झोपतात! फाडून टाकावं वाटलं, पण हे दारात उभे राहून बघत होते. होतं तसं ठेवून दिलं. तानाबाईशी आता बोलायचं नाही.

१९ जानेवारी, रविवार

तैलरंग. आप्पासो मगदूम म्हणजे मोठं नाव. निम्म्या कोल्हापूरच्या दिवाणखान्यात त्यांनी काढलेले आजोबा टांगलेले आहेत. ते दोन रविवार मिळून एकच चित्र करणार, शिकणाऱ्यांनी बघत बघत करायचं. मी ह्या वेळी आधीच तयारी केली. ह्यांचा जुना फोटो नेला. मैदानातला, हातात माइक, डोक्याला फेटा, तोंड असं हसरं आणि सरळ.

"तब्येत बसलेल्या माणसाची घ्या आणि तोंड ह्याचं," मी हळूच म्हणाले.

आप्पासोंनी फोटो बघितला, ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वैनी, मी मेलेल्या मानसांची चित्रं फोटोवरनं करतोय. जित्या मानसाला समोर बसवतोय."

"माझ्यासाठी."

"बरं. तुमी म्हनाल तसं." आणि फोटो कॅनव्हासच्या कडेला चिमट्याने लावला.

ह्यांना तो बसल्या जागेवरून दिसत होता. अर्धा वेळ झाल्यावर चहा आला. धैर्यशीलने विचारलं, "वैनी, अण्णांना चहा?" मी म्हणाले, "नको, सांडतो." ह्यांची नजर कपाकडून फोटोकडे, फोटोकडून माझ्याकडे. पाठ दुखत असावी.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, मग गल्लीभर जिलेबी. कोल्हापुरात आज जिलेबी खाल्ली नाही तर प्रजासत्ताकालाच बाध येतो. चौकात कढई लागली होती. मी ह्यांच्यासाठी घरी आणली. बाहेर पाक ओघळला तर?

चित्राची दुसरी बैठक विचित्र झाली. हे आले, बसले आणि खुर्ची काठीने ढकलत ढकलत भिंतीकडे फिरवली. आप्पासोंच्या समोर पाठ. मी समजावलं, पाठीला उशी दिली, फिरले नाहीत. आप्पासो म्हणाले, "असू दे वैनी. ऱ्हायलेलं फोटोवरनं करतो."

पण चित्र! काय चित्र झालंय! फेटा नाही, माइक नाही, पण तोंडावर तेच तेज. मला भरून आलं. हेच माझे हे. हॉलमधून चित्र घरी आणलं. मोनाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिला दाखवलं. "आई, किती छान! आणि बाबा कुठायत?"

"झोपलेत," मी म्हणाले. हे समोर बसलेले होते. दुपारभर वैतागलेले, तोंड नीट पुसू दिलं नव्हतं, तसं कशाला पोरीला दाखवायचं? तिच्या जिवाला घोर.

३० जानेवारी, गुरुवार

भीती वाटतेय. सोमवारपासून गॅलरीत बसणं बंद. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पिठलं-भात केला, पांढरा रस्सा केला, दोन घास आणि ताट सारतात. ते चित्र मी पलंगासमोर लावलंय, बघून बरं वाटावं म्हणून, तर कूस बदलून घेतात. "पावणं" सुद्धा म्हणत नाहीत. कधीकधी तो शब्द ऐकून मला चीड यायची. आता तो येत नाही तर घर खायला उठतं.

दुसरा झटका तर नसेल? डॉक्टरांना घरी बोलावलं. हात, पाय, डोळे, सगळं तपासून म्हणाले, "शरीरात नवीन काही नाही. मनात काय आहे ते विचारा."

"कसं विचारू डॉक्टर? ह्यांना बोलता येत नाही."

"तुम्हाला येतं की," ते म्हणाले. माणसं किती सहज बोलून जातात!

चूक माझीच. कार्यशाळेचं लचांड गळ्यात घेतलं नसतं तर हे गॅलरीत शांत होते. हा रविवार झाला की बंद. उद्यापासून राजनंदिनी, रांगोळी शिकवणारी, हॉलमध्ये ह्यांची मोठी रांगोळी घालणार आहे, आप्पासोंच्या चित्राच्या फोटोवरून. ती संपली की माझीही सुटका.

२ फेब्रुवारी, रविवार

आज काय झालं ते कसं लिहावं कळत नाही.

हे येणार नाहीत असं धरून मी एकटीच हॉलवर गेले. राजनंदिनीने शुक्रवारपासून खपून सतरंजीएवढा चेहरा घातला होता. चिमटीतून रंग सोडत सोडत केलेला, गालावरची कातडीसुद्धा खरी वाटावी असा. आणि तोंड सरळ, हसरं. पण पोरांनी काय करावं? सांगता समारंभ म्हणून चेहऱ्याभोवती झेंडूच्या माळा, उजवीकडे समई, डावीकडे उदबत्ती. धैर्यशील अभिमानाने म्हणाला, "कसं वाटतंय वैनी? अण्णांना मान दिलाय."

पलीकडच्या पेठेतला एक माणूस आला, चपला काढल्या, हात जोडले, चार पाकळ्या वाहिल्या आणि मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात फोन. नृसिंहवाडीहून ह्यांची मावसबहीण, रडत. "वैनी, कवा झालं गं? आमाला कळवायचं न्हाईस? फोटो आलाय सगळ्यांच्या मोबाइलवर."

"काही झालेलं नाही! जिवंत आहेत!" मी जीव खाऊन ओरडले.

तानाबाई रांगोळीच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती. "मग जित्या मानसाला माळा कशापायी? आनि हे त्वांड तरी कुटं त्येचं हाय? दीड वरीस झालं की हे त्वांड जाऊन."

मला तिला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. पण खाली वाकले, समई शांत केली आणि माळा ओढून काढायला लागले. हातात झेंडूचा भारा घेऊन उभी आहे आणि जिन्यात काठी वाजली.

हे आले. माझा ओरडा घरापर्यंत गेला असणार. जिवंत आहेत म्हणून ओरडले होते ना मी. अंगात बनियन, दाढी वाढलेली. रांगोळीच्या कडेला थांबून बघत राहिले. मग माझ्या हातातली फुलं बघितली. मी म्हणाले, "अहो, पोरांची चूक झाली..." ऐकायला थांबले नाहीत. धैर्यशीलच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसायला लागले. दोघांनी धरून बसवलं, उजवा पाय लांब करून.

राजनंदिनी कळवळली, "अण्णा, बोट लागलं की पुसंल वो!" धैर्यशीलने तिला हातानेच थांबवलं.

ह्यांनी डाव्या हाताचं बोट चित्रातल्या तोंडाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि खाली ओढलं. थांबले, बघितलं. पुरेसं वाटलं नाही. अजून ओढलं, हनुवटीच्या बाजूला, सगळे रंग एकात एक मिसळेपर्यंत. मग पांढऱ्या रांगोळीची वाटी जवळ ओढली, चिमूट घेतली आणि त्या कोपऱ्यावर सोडली. जरा जास्तच पडली. तो ओला कोपरा. दिवसभर मी पुसत असते तो.

मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पावणं," म्हणाले.

हा शब्द नेहमी एकसारखाच येतो असं मी समजत होते. मी कधी ऐकलाच नव्हता बहुतेक. आज तो प्रश्न होता. मैदानात कुस्ती अडली की हे असंच लोकांना विचारायचे, आवाज खाली आणून, बोला आता, काय म्हणणं आहे तुमचं?

कळंब्याच्या तळ्यावर ह्यांच्यादेखत मी ह्यांना ह्यांचाच भाऊ केलं होतं. समोर बसलेल्या बापाला लेकीपुढे झोपवलं होतं. लोक हसतील म्हणून लपवत होते म्हणावं तर लोक कुठे हसत होते? लाज मलाच वाटत होती. त्या सरळ तोंडाच्या माणसाची आठवण यायची आणि ह्या माणसाचा राग यायचा, तो ह्यांना सगळा कळत होता.

मी फुलं टाकली आणि ह्यांच्याशेजारी बसले. "व्हय," म्हणाले. "हे तुमीच." मला सगळ्यांसमोर रडू फुटलं. ह्यांनी रंग लागलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. केसांत अजून तांबडी रांगोळी आहे.

"आता वळखू आला बघ," तानाबाई म्हणाली. "माझंच चित्र बघून काढलाय त्येनं."

हे हसले. मीही.

५ फेब्रुवारी, बुधवार

रांगोळी काल उचलली. राजनंदिनीला वाईट वाटेल वाटलं होतं, तर तिने त्या तोंडाचाच फोटो मोबाइलवर ठेवलाय. मोनाला व्हिडिओ कॉल केला आणि फोन ह्यांच्या हातात दिला. तिकडून रडण्याचा आवाज, इकडून पावणं, पावणं. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तानाबाईचं चित्र उशीखालून काढून काचेच्या कपाटात लावलं आहे. कान खरंच म्हशीचे आहेत.

आज तैलरंगाचं चित्र कापडात गुंडाळलं आणि आम्ही दोघं रिक्षाने आप्पासोंकडे गेलो. त्यांचा स्टुडिओ रस्त्यालगत, पुढे सगळी काच. जाणारा येणारा आत बघतो. हे काचेजवळच्या खुर्चीत बसले.

"हे तोंड बदलून द्या," मी म्हणाले.

"वैनी, तुमीच म्हनलासा सरळ काढा म्हनून."

"म्हणाले होते. आता आहे तसं काढा."

आप्पासोंनी चित्र घोडीवर ठेवलं, जरा वेळ बघितलं आणि मला वाटलं त्यांना बरंच वाटलं. "तेलाच्या रंगाचं एक बरं असतंय, वरनं चढवता येतंय. पर आता फोटो चालायचा न्हाय. समोर बसायला लागंल, चार-पाच बैठका तरी. बसतील न्हवं?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पाठ दुखते, गोळ्यांची वेळ असते, ऊन सोसत नाही. तोंड उघडलंही होतं.

"मला कशाला विचारता?" मी म्हणाले. "समोर बसलेत. त्यांना विचारा."

आप्पासो खुर्चीकडे वळले. "काय सयाजीराव? बसनार काय?"

ह्यांनी माझ्या हातातला रुमाल मागून घेतला, आपला आपण कोपरा पुसला आणि रुमाल खिशात ठेवून दिला. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून काठीवर ठेवला आणि ताठ बसले. "पावणं!"

मैदानातला आवाज. काच थरथरली असेल. रस्त्यापलीकडचा पानपट्टीवाला चुना लावता लावता वळला आणि ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागला.

बघू दे.